बेटावरचा तिसरा माणूस

माझा आवाज मोठा होता. किती मोठा, तर बीबीच्या बाजारात मी "खबरदार!" म्हणून ओरडलो की तिकडे लोणारच्या तळ्यात लाटा उठायच्या. लोणारच्या तळ्यात लाटा नसतात असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ज्या काही होत्या त्या माझ्याच.

ह्या आवाजावर मी सहा वर्षं पोट भरलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, कागद नागपूरला जायचे, आणि सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची. मधूनमधून इंग्रजी अक्षरांची पाटी यायची, ती वाचणारा तंबूत एखादा सापडला तर सापडला. म्हणून तंबूचा मालक पडद्याशेजारी एक माणूस उभा करायचा. डोक्याला फेटा, हातात वेताची छडी. चित्र सरकेल तसं त्याने सांगत जायचं: हा राजा, ही त्याची राणी, हा हरामखोर. तो माणूस मी. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलो होतो, म्हणजे दहा शब्दांतले दोन मला कळायचे. उरलेले आठ मी पदरचे घालायचो, आणि पदरचे आठ मुळातल्या दहांपेक्षा चांगले असतात असं मालक चारचौघांत म्हणायचा.

त्या हिवाळ्यात मालकाने मुंबईहून गोऱ्या लोकांचा एक जुना खेळ आणला. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले दर्यावर्दी लुटारू, हजार वर्षांमागचे. पाटीवर त्यांना व्हायकिंग म्हटलं होतं. मी शिंगवाले म्हणायचो, कारण प्रत्येकाच्या लोखंडी टोपाला दोन-दोन शिंगं होती. नागाच्या तोंडाच्या होड्या, परातीएवढ्या कुऱ्हाडी, जळणारी गावं, धावणाऱ्या बाया. मारामारी अशी की पहिल्या खेळाला पुढे बसलेल्या एका पाटलाने आपलं धोतर पडद्यावरच्या रक्तात भिजेल म्हणून पाय वर घेतले, आणि खेळ संपेपर्यंत खाली सोडले नाहीत. समुद्र कोणी पाहिला नव्हता. मी सांगायचो, "लोणारचं तळं डोळ्यापुढं आणा. तसंच खारं. आता त्याचे काठ काढून टाका." तंबूभर हुंकार उठायचा.

खेळाची रिळं सात, आमच्याकडे सहा. चौथं मालकाच्या हाती येण्याआधीच यंत्रात अडकून जळून गेलं होतं. तेव्हाची ती फीत बारुदीची बहीण. ठिणगी लागली की भप्पकन पेटायची आणि पाण्यालाही ऐकायची नाही. आता तिसऱ्या रिळाच्या शेवटी शिंगवाले एक गलबत बुडवतात, माणसं गटांगळ्या खातात. आणि पाचवं उघडतं तेव्हा एका बर्फाच्या बेटावर कैदी ओळीने लाकडं वाहताना दिसतात. चित्र एकेकाच्या तोंडावर येऊन थांबतं. पहिला, दुसरा, मग तिसरा, तो मान वळवून सरळ आपल्याकडे बघतो, मग चौथा. बुडालेल्यांचे कैदी कसे झाले, की हे कैदी भलतेच कोणी, ते जळालेल्या रिळाला ठाऊक. यंत्रवाला रीळ बदलायचा तेवढ्या वेळात तो खड्डा मी बुजवायचा.

मी असा बुजवला: "समुद्रात पडला तो मेला असं समजू नोका! शिंगवाले त्याले मारत नाहीत. उचलतात, बेटावर नेतात, कामाले लावतात. बर्फात माणूस सडत नाही, म्हातारा होत नाही. आजबी तिथीच हायेत! आमच्या मालकाच्या माणसानं जीव मुठीत धरून, झाडाआडून हे चित्र काढलं. हे काई पुराणातलं नाही, परवाचं हाये, परवाचं!"

हजार वर्षांमागचं म्हटलं की लोक जांभया देतात. परवाचं म्हटलं की माना पुढे येतात. धंद्यात हे पहिल्या आठवड्यात कळतं.

बीबीतल्या पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे मास्तर तंबूपाशी आले. मी तंबूच्या खांबाला टेकून चहा पीत होतो, भोवती चार-पाच माणसं रात्रीच्या कुऱ्हाडी पुन्हा चालवत होती.

"त्या लोकांना शिंगं नव्हती," मास्तर म्हणाले.

"कोणाले?"

"तुझ्या लुटारूंना. मी पुस्तकात वाचलंय. साधे टोप असायचे. शिंगं नाटकवाल्यांनी लावली. आणि ते काही बारा महिने लुटत नव्हते. पेरणी उरकून निघायचे, सोंगणीला परत यायचे. शेतकरी होते."

"मास्तर, पेरणी-सोंगणी पाह्याले कोणी तिकीट काढंन काय? ते तं लोकाइच्या घरी फुकट हाये. आन् शिंगं काढले तं उरलं काय? तुमच्या-माह्यासारखा माणूस."

"तेच सांगतोय. माणसंच होती."

"पोळ्याले बैलाचे शिंगं रंगवता ना तुम्ही? मंग बैल खोटा होते काय?"

माणसं खिदळली. मास्तर हसले नाहीत. "रंगवला तरी तो संध्याकाळी गोठ्यात येऊन कडबाच खातो. तुझं 'परवाचं हाये' लोक घरी घेऊन जातात. तिथे ते काय खाईल?"

मी फेटा नीट केला. उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत होतं, पण तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला. एका डोळ्यात फूल पडलेलं. मागे पदर घेतलेली एक बाई, त्याची सून. तो थेट माझ्यापुढे बसला आणि त्याने माझ्या पायाला हात लावला.

"बाप्पा, ते लाकडं वाहून राह्यले ना बेटावर, त्यातला तिसरा. मान वळवते तो."

"हाव. त्याचं काय?"

"तो माहा पोरगा हाये."

मास्तर पुढे झाले. पोराचं त्यांना ठाऊक होतं, कागद त्यांनीच वाचून दाखवला होता. पहिल्या मोठ्या लढाईत सरकारने खेचरं हाकायला माणसं नेली, त्यात हा गेला. जहाज बुडालं. मेल्याचा कागद आला नाही, बेपत्ता असल्याचा आला. त्याला आता बारा वर्षं पुरी होत होती. आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या देठांचा सांगाडा करतात, डोक्याच्या जागी नारळ, वरून पिठाचा लेप, आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. त्यानंतर तो मेला. तोपर्यंत तो नुसता आलेला नसतो. हे कार्य आठ दिवसांवर होतं. पळसाची देठं घरात येऊन पडली होती.

"बाबा, तो खेळ आहे. हजार वर्षांपूर्वीचा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही पाह्यलं काय हजार वर्साआधी?" म्हातारा त्यांच्याकडे न बघताच बोलला. त्याचा चांगला डोळा माझ्यावर होता. "हा सांगणारा हाये. हा सांगंन. तोच ना, बाप्पा? जराकसा गोरा दिसला मले."

ह्या ठिकाणी मला नाही म्हणता आलं असतं. पाच माणसं ऐकत होती आणि संध्याकाळी दुसरा खेळ होता.

"असंन बाबाजी," मी म्हणालो. "बर्फात राह्यते ना. माणूस गोरा होतेच."

सुनेने पदराआडून माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळांचे पुष्कळ डोळे खाल्ले आहेत. तिचे ते अजून पचले नाहीत.

बीबीहून आम्ही दुसरबीडला तंबू ठोकला. तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्रवाला आणि मी सावलीत फीत पुसत बसलो होतो, तर ती सून आली. म्हातारा रोज खेळ बघायचा म्हणून चालत आला होता, आणि त्याला एकट्याला सोडता येत नाही म्हणून ही. ती बसली नाही. उभ्यानेच बोलली.

"तुम्हीच काय सांगणारे?"

"हाव बाई."

"तुम्ही माह्या मालकाले बेटावर ठेवलं. मले कुठी ठेवलं, तेबी सांगा."

यंत्रवाला फडकं घेऊन आत गेला.

तिने सगळं सांगितलं, न रडता, कोणाचा तरी निरोप सांगावा तसं. नवरा गेला तेव्हा ती सोळा वर्षांची. बारा वर्षं बांगड्या भरत होती, कुंकू लावत होती, कोणासाठी ते कोणी विचारत नव्हतं. पुतळ्याचं कार्य झालं की तिच्या भावाने तिचा पाट ठरवला होता, विधवेचं दुसरं लग्न. इथलाच, दुसरबीडचा माणूस, भाजीचा मळा असलेला, बायको मेलेली, दोन लेकरं. जातीत पाटाला हरकत नव्हती. हरकत फक्त जिवंत नवऱ्याची असते. आणि सासऱ्याने देठं चुलीत घातली होती. आता रोज सांजेला तिसरं ताट वाढायला लावायचा. पोरगा बेटावरून कधी येईल सांगता येत नाही म्हणून.

"तिसऱ्या ताटातलं मीच खातो मंग, थंडगार," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया 'खातो'च म्हणतात. "मळेवाला दोन बाजार थांबतो म्हणे. त्याच्या लेकराइले कोणीतरी लागते. तुम्ही एक डाव खरं सांगा. तुमच्या तोंडानं बांधलं, तुमच्या तोंडानंच सुटंन."

त्या संध्याकाळी मी खरं बोललो. एवढ्या मोठ्या आवाजाने खरं बोलायची मला सवय नव्हती. पाचवं रीळ चढायच्या आधी पडद्यापुढे आलो. "मंडळी, हे परवाचं नाही. हजार वर्षांमागची कथा हाये, आन् तेबी नटलेल्या लोकाइनं केलेली, पगार घेऊन. शिंगं कागदाचे हायेत. बुडालेला माणूस बुडालेलाच असते. कोणी उचलत नाही."

मग मागून आवाज आला, "मंग तिकिटाचे पैसे काऊन घेतले बे?" दुसरा, "कागदाचे शिंगं दाखवते काय आम्हाले?" एक ढेकूळ येऊन माझ्या फेट्यावर फुटलं. गलका चढत गेला तेवढ्यात म्हातारा उभा राहिला. दोन्ही हात वर.

"थांबा! मारू नोका त्याले! त्याच्या मनचं नाही हे. सरकारनं दम देल्ला असंन. माणसं जित्ते हायेत हे कळलं तं ज्याचा त्याचा बाप परत मागंन ना. म्हणून याचं तोंड बांधलं!"

अहाहा, काय ते उत्तर. सहा वर्षांत मला तसं सुचलं नाही. तंबू हादरला. "खरं हाये! खरं हाये!" ज्यांचं कोणी लढाईवर गेलं नव्हतं तेसुद्धा ओरडत होते. मला मारायला उठलेले मला धीर द्यायला लागले. कुणी पाठीवर थाप मारली, "भेऊ नोको बे, सांग बिनधास्त!" आणि पाचवं रीळ सुरू झालं. तिसऱ्या माणसाने मान वळवून बघितलं, आणि म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हाव रे राजा, पाह्यलं मी तुले."

मालकाने नंतर सांगितलं, पुन्हा खरं बोललास तर हाकलून देईन.

सकाळी सून आली. चालून चालून तिच्या टाचा फुटल्या होत्या.

"नाही सुटलं," मी म्हणालो.

"पाह्यलं मी. खऱ्यानं नाही होत आता. खोट्यानं करा." जरा थांबून म्हणाली, "मारा त्याले. तिथीच, पडद्यात. तिथं मेला तरच मेला."

यंत्रवाला ऐकत होता. कमी बोलणारा माणूस. त्याने पाचवं रीळ उलगडलं, उन्हात धरून बघत गेला, आणि कात्रीने हातभर फीत कापून काढली. तिच्यावर एकच तोंड, नखाएवढं, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी मान किंचित जास्त वळलेली. दोन्ही टोकं चिकटवून म्हणाला, "झालं. गेला." फितीची गुंडाळी करून त्याने माझ्या हातात दिली.

पुढचा मुक्काम शेगावला. यात्रेकरूंचं गाव, तंबू चिक्कार. म्हातारा पाच दिवस चालत आला, सून मागे. त्याच्या खांद्यावर नवी काळी घोंगडी होती. खेळाच्या आधी त्याने ती माझ्या हाती दिली. "बर्फ हाये ना तिथी. मालकाचा माणूस गेला की पोचवा." मी घेतली. नाही कसं म्हणणार? मळेवाल्याने दिलेले दोन आठवडी बाजार होऊन गेले होते.

पाचवं रीळ लागलं. पहिला. दुसरा. पडदा एकदा डोळा मिटल्यासारखा फडफडला. चौथा.

"तिसरा?" म्हातारा उठला. "तिसरा कुठी हाये?"

मी तयारी करून आलो होतो. दोन दिवस शब्द जुळवले होते: बेड्या तोडतो, शिंगवाल्यांच्या सरदाराची कुऱ्हाड हिसकतो, एकवीस जणांना लोळवून मग पडतो. तंबू डोक्यावर घेतला असता लोकांनी. तोंड उघडलं आणि आवाजच येईना. जो आला तो कोणा दुसऱ्याचाच, बारीक.

"तापानं गेला बाबाजी. मागच्या अवसेले."

"लढून मेला म्हण ना बे!" मागून कोणी ओरडला. "मजा नाही राजा!"

म्हातारा मागे वळला. "तापानंच गेला," त्याने त्या माणसाला समजावलं. "लहानपणीबी त्याले हिवताप होता." मग माझ्याकडे, "काई बोलला काय?"

"माहं कार्य करा म्हणे."

तो खाली बसला. सून त्याच्या शेजारी. पुढे दोन रिळं चालली, पेटीवाल्याने लढाईची चाल वाजवली. मी काय सांगितलं मला आठवत नाही. लोक हसल्याचं आठवतं.

म्हातारा मला सोडेना. पोराला शेवटचं बघितलेला माणूस तुम्ही, कार्याला तुम्ही पाहिजे. मालकाकडून चार दिवस मागून मी त्यांच्याबरोबर बीबीला गेलो. वाटेत एका गाडीवाल्याने बसवून घेतलं. म्हातारा बेटाबद्दल विचारत होता, जेवायला काय देत होते, निजायला काय होतं. मी सांगत होतो. दूध होतं. गवताची गादी होती. मारत नव्हते.

वेशीजवळ सुनेचा भाऊ उभा होता. त्याने तिला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगितली. मळेवाल्याने गेल्या बाजारी दुसरी बाई आणली होती. ती गाडीकडे परत आली तेव्हा मी म्हणालो, "मंग आता कार्य..."

"करा," ती म्हणाली. "ते ताट तं बंद होईन."

ओढ्याकाठी भटजींनी देठांचा सांगाडा बांधला. हात, पाय, फासळ्या. नारळ बसवला. ज्वारीचं पीठ कालवून म्हातारा लेप देऊ लागला. मास्तर आले होते, लांब उभे होते. छातीपर्यंत आल्यावर म्हाताऱ्याने मला हाक मारली. "तोंड तुम्ही करा बाप्पा. मले बारा वर्साआधीचं याद हाये. आता कसा दिसे ते तुम्हालेच मालूम."

मी पिठात हात घातला. पीठ थंड होतं. मी नाक केलं, हनुवटी केली. कोणाचं केलं? कुठल्या तरी गोऱ्या नटाचं, जो त्या वेळी आपल्या देशात जेवून निजला असेल. खिशातली फीत काढून मी पुतळ्याच्या छातीत, पिठाच्या आत दाबली. म्हाताऱ्याने विचारलं नाही. मग पिठाचा हात उचलून तो माझ्या कानाशी आला, भटजींना ऐकू जाऊ नये म्हणून.

"इतके वर्सं त्याइच्यात राह्यला. त्यालेबी आले होते काय, शिंगं? लावा लागतीन तं लावू आपण. लपवाचं काई नाही."

मास्तर माझ्याकडे बघत होते.

"नाही बाबाजी," मी म्हणालो. "शिंगं कोणालेच नव्हते."

"कोणालेच?"

"कोणालेच नाही. साधे टोप होते. पेरणी करून निघत आन् सोंगणीले घरी येत."

"मंग आपल्यासारखेच," तो म्हणाला आणि अंगठ्याने नारळावरचं पीठ दोन्ही बाजूंनी हलकेच सारखं केलं, जिथे शिंगं आली असती तिथे. वरून घोंगडी घातली.

अग्नी दिला. देठं धुमसत होती, आणि एकाएकी छातीतून पांढरा जाळ भप्पकन पुरुषभर उठला. माणसं मागे सरली. भटजींचा मंत्र अडला. "गेला," म्हातारा म्हणाला. तेवढं एकच.

सुनेने बांगड्या दगडावर स्वतःच फोडल्या. बाया पुढे झाल्या होत्या, त्यांना हात लावू दिला नाही. सगळ्या फुटल्या तरी मनगट दोन-तीनदा दगडावर आपटत राहिली. मग ओढ्यात हात बुडवून सासऱ्याला उठवायला गेली. माझ्याजवळून जाताना थांबली नाही.

चार दिवसांनी दुसऱ्या बाजारात तोच खेळ. चौथं रीळ नव्हतंच, खड्डा बुजवायचाच होता. यंत्रवाला अंधारात रीळ बदलत होता आणि मी छडी धरून उभा. बुडालेल्यांना कोणी उचलतं की नाही ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. लोक कुजबुजायला लागले. मग पाचवं सुरू झालं. पहिला, दुसरा, पडद्याची फडफड, चौथा.

"कापलं बे!" पुढचा एक जण ओरडला. "ए सांगणाऱ्या, मधात कोण होतं?"

मालक कनातीशी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"कोणीच नव्हतं," मी म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो.